मठार

महागिरीच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
तिथे एक इसम आला घोडबंदरच्या टॉवरमधून,
बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेली
चांदीची किटली घेऊन.
आजोबा बोटीवर होते, म्हणाला, जपानहून आणली, कोबेहून.
आता चांदीचा भाव बघताय ना.
आटवून द्या.

नानांना ऐकू येत नाही.
पन्नास वर्षं तांबं ठोकणाऱ्याचे कान
तांब्यातच राहून जातात.
मी काट्यावर ठेवली : पाचशे बेचाळीस ग्रॅम.
त्यांनी आकड्याकडे पाहिलंही नाही.
किटली उलटी केली. बुडाशी नखाएवढा शिक्का,
कौलारू घराला खिडक्याच खिडक्या असाव्यात
तसं एक अक्षर.
आम्हा दोघांनाही ते वाचता येईना.

मग झाकण काढलं,
त्याच्या मुठीशी तोंडल्याएवढा चांदीचा भोपळा,
देठासकट, देठावरच्या सुरकुतीसकट.
अंगठा आत घातला आणि डोळे मिटले.
"सांधा नाही," म्हणाले,
"तोटीपण अंगातूनच ओढून काढलीय."
म्हणजे एकच पत्रा,
तापवायचा, विझवायचा, ठोकायचा,
पुन्हा तापवायचा,
फाटला तर महिना गेला.

अंगठा ओळीओळीने वर चढत होता.
पोटाच्या वळणावर थांबला.
"ओळ उलटी कलते.
हा डावखुरा होता."

नानाही डावरे.
आठव्या वर्षी पेणला, काकांनी
त्यांचा डावा हात सुतळीने खांबाला बांधला
आणि उजव्यात हातोडा दिला.
हे आईने सांगितलं. नाना कधी बोलले नाहीत.

त्या कोण कुठल्या कारागिराला
कुणी बांधलं नसेल,
किंवा बांधलंही असेल,
आणि दातांनी गाठ सोडवून
तो रात्री पुन्हा ऐरणीशी बसला असेल.
त्याचं नाव त्या खिडक्यांच्या आत आहे.
दार कुठून उघडतं, माहीत नाही.

इसमाने घड्याळ पाहिलं.
नाना म्हणाले, "आज भट्टी बंद आहे."
भट्टी त्यांच्या पाठीमागे लालभडक होती.
इसमाने भट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी काट्याचं पारडं पुसायला घेतलं.

जांभळी नाक्यावर गेला असणार.
तिथल्या भट्ट्या बंद नसतात.
दुपटं मात्र इथेच राहिलं,
कोपऱ्यावर भरतकामाचा ससा,
एक कान उसवलेला.
आठ दिवस वाट पाहून
मी ते खिळ्याला अडकवलं.

पुढच्या सोमवारी चेंदणीच्या नाखवाबाई
आपली कळशी न्यायला आल्या.
दारात उन्हाला धरून फिरवली, पुन्हा फिरवली.
"काय गो, ठोके तिरपे कशाला याचे?"
नानांनी ते ओठांवरून वाचलं,
डाव्या तळहातावरचा नवा फोड
धोतराला पुसला
आणि वीस रुपये कमी घेतले.