उसवण

थॉमसिन वेलला अक्षरं येत नसत.
आकार येत.
राजाचं अक्षर म्हणजे एकाच पायरीची शिडी,
आणि राणीचं, दोन तिरक्या भिंती, मधे तुळई:
म्हणजे घर.
थेम्सकाठच्या त्या राजवाड्यात
प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर
तिने लाल रेशमाने
शिडी घराला टेकवून ठेवली होती.
तीन वर्षं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी
कोठारातला कारकून आला, टोपी हातात घेऊन,
जसं मयताच्या दारी यावं.
म्हणाला, घर काढायचं.
कधीपर्यंत?
रविवारपर्यंत.
आणि शिडी?
तो तिच्याकडे असा बघत राहिला
की तिने पुन्हा विचारलं नाही.

एकशे बारा चादरी. उशांचे अभ्रे वेगळे.
रुमाल कुणी मोजलेच नाहीत.
खिडकीबाहेर परांचीवर तिचा भाऊ रेनल्ड
कमानीच्या दगडातून तेच घर खरवडत होता.
छिन्नीचा आवाज दिवसभर.
उसवण्याला आवाज नसतो.
सुईच्या टोकाने टाका उचलायचा,
कापडाला कळू न देता धागा ओढून घ्यायचा.
घाई केली तर कापड फाटतं.
फार सावकाश केलं तर आपण.

भाची इबट, नऊ वर्षांची,
निघालेला धागा कोंबडीच्या हाडावर गुंडाळत होती.
राणीने काय केलं, तिने विचारलं.
थॉमसिन म्हणाली, दिवा जवळ आण.

रात्री रेनल्ड जेवायला आला,
भुवयांवर दगडाची धूळ.
एक राहिलं गं, म्हणाला,
छताच्या आतल्या बाजूला, कबुतरं बसतात तिथे.
राहिलं, की ठेवलंस?
त्याने पाव बिअरमध्ये बुडवला.
शिडी हलत होती, म्हणाला.

रेशीम महाग, फेकायचं नसतं.
नवं अक्षर आलं, मासे धरायचा गळ,
तेव्हा घराच्या भिंतींतून निघालेल्या त्याच धाग्याने
तिने तो गळ भरला.
कुणाला सांगितलं नाही.
सांगण्यासारखं होतं काय? लाल ते लाल.

तो गळ पुढच्याच वर्षी बाळंतपणात गेला.
त्या चादरी आधी परटिणीकडे,
मग थॉमसिनकडे.

मग पुन्हा घर, दुसऱ्याच कुणाचं,
सहा महिनेसुद्धा नाही.
मग चंद्रकोर.
ती गेली.
मग परत चंद्रकोर,
तेव्हा कारकून हसला:
या खेपेला तुझे श्रम वाचले, बाई.

थॉमसिन हसली नाही.
तिने जुनी चंद्रकोर उसवली
आणि त्याच जागी, त्याच धाग्याने,
तीच पुन्हा भरली.
एकीच्या अंथरुणात दुसरीचं अक्षर नको.

परटीण म्हणायची,
लिनन तीन धुण्यांत भोकं बुजवतं.
कापड विसरतं.
बरंच आहे म्हणा,
नाहीतर त्यावर झोप कुणाला लागली असती?
पण थॉमसिनने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला
की ती थांबत थांबत पुटपुटायची,
जशी शाळेतली पोरं वाचतात:
घर. गळ. घर. कोर.
इबट म्हणायची, इथे काहीच नाहीये, आत्या.

एका जानेवारीत घंटा वाजल्या, दोन दिवस.
कारकून नवा होता, मिसरूड न फुटलेला.
शिडी काढायची, म्हणाला,
आणि मान खाली घालून उभा राहिला.
थॉमसिनला आता सुईचं नाक दिसत नव्हतं.
इबटने उसवली.
सैलच होती, म्हणाली,
एका ओढीत आली.

दे इकडे.
तो धागा बोटाला गुंडाळून
ती बराच वेळ बसून राहिली.
एवढ्या वर्षांत हाच तेवढा
एकदाही हलवला नव्हता.

अजून लाल आहे का गं?

इबटने तो उजेडात धरला.
नाही, म्हणाली. आता तसा नाही राहिला.