एस कुठाय?

अजमानच्या जुन्या बाजारामागे, अबायांच्या कारखान्यात
मी मणी लावते. काळ्यावर काळे.
सुईत दोरा ओवता ओवता निलंथी म्हणाली,
"मैमूना, तू चिठ्ठीवर रोज चुकतेस."

चिठ्ठी माझीच होती: सिक्स वुमन, लार्ज, लेस काळी.
"एक असली की वुमन. दोन झाल्या की विमिन."
"मग एस कुठाय?"
"नाही एस."
"बटणाला एस, सुईला एस, मेल्या टाचणीलासुद्धा एस,
आणि बाईलाच नाही?"
ती हसली. ओठांत दोन टाचण्या होत्या,
म्हणून अर्धंच.

मग कापडावर खडूने लिहून दाखवलं तिने.
शेवटाजवळचा ए पुसला, तिथे ई बसवला.
बाकी सगळं जागच्या जागी.
पण वाचायला गेलं तर
जिथे हात लावला तिथे काहीच होत नाही,
फरक पडतो तो पार पुढे, तोंडाशी. वुचा वि.
दाभोळच्या दवाखान्यात कमरेत सुई टोचायचे
आणि जीभ कडू व्हायची,
तसलं काहीतरी.

आठ दिवस पुटपुटत होते.
इस्त्रीच्या वाफेत वुमन, वुमन.
लिफ्टच्या आरशात विमिन.
ओठ गोल केले की एकटी,
ओठ ताणले की पुष्कळ.

आमच्या शाळेत खेडेकर बाई एकट्याच होत्या.
तरी आम्ही ओरडायचो, "बाई आल्या, बाई आल्या!"
एकीलाच अख्खं अनेकवचन.
आई मात्र नुसती आली, गेली.
बसली, असं कधी म्हणायची वेळच आली नाही.
आणि बायको असते ती कुणाची तरी.
तिच्या बायका केल्या, नुसत्या बायका,
की त्या कुणाच्याच राहत नाहीत.
हे निलंथीला सांगण्याएवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.
नवऱ्याला सांगण्याएवढं मराठी होतं,
पण फोनवर तो आधी पैशांचं विचारतो.

खोलीत आम्ही सहा जणी. परवानगी चौघींची.
शुक्रवारी भात उतरवत होते तेवढ्यात
जिन्यात बूट वाजले. बलदियाचा माणूस, हातात फाइल.
रोशनआरा आणि अस्मेरेत अनवाणीच गच्चीवर पळाल्या.
सेबूच्या दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या,
फोटो काढायचा असावा तशा.
निलंथी न्हाणीत. उरले मी.

"हाउ मेनी?"
तोंड कोरडं पडलं. आठ दिवसांचं सगळं
भाताच्या वाफेबरोबर गेलं.
"फोर वुमन," मी म्हटलं.

तो आत आला नाही. उंबऱ्यावरूनच बघत राहिला.
मोरीच्या फळीवर मग होता, त्यात ब्रश सहा.
दाराशी चपला होत्याच, सहा जोड.
चुलीवर पातेलं, चौघींना कधीच संपणार नाही एवढं.
त्याची नजर एकेका ब्रशावर थांबत गेली,
म्हणजे मला तरी तसं वाटलं.
मी मनात माझं नाव, बापाचं नाव, पासपोर्टाचे आकडे
म्हणायला लागले होते.

"विमिन," तो म्हणाला.
हळू, शाळेत म्हणतात तसं.
"फोर विमिन."
आणि फाइलीत चार लिहिलं.

बूट खाली उतरेपर्यंत कुणी हललं नाही.
भात तळाला लागला होता.
मी गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या चादरींखाली
चार पाय दिसत होते,
तापलेल्या फरशीवरून आळीपाळीने उचलले जाणारे.

"गया?" रोशनआराने चादरीआडूनच विचारलं.
"गेले," मी म्हटलं.

एकटाच होता तो.