मातीचं रजिस्टर

पाणी उतरलं तेव्हा
चर्चच्या भिंतीवर गाळाची रेघ होती,
माझ्या कानाच्या पाळीला लागेल इतकी उंच.
धरणातून किती क्युसेक सोडलं
ते सगळ्या पुण्याला पाठ होतं,
पुलावर उभं राहून लोक फोटो काढत होते.
आमच्या गल्लीत सांगायला कोणी आलं नाही.
आलं ते पाणीच.

बाकं तरंगून एकमेकांवर चढली होती.
पेटीचा एक सूर दाबला
तर आतून चिखलाचा बुडबुडा निघाला.
लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर,
तीन रजिस्टरं फुगून बसलेली:
बाप्तिस्म्याचं, लग्नांचं, मातीचं.

मी मंडळीचा चिटणीस. एकोणीस वर्षं.
पाळकसाहेब म्हणाले, उन्हात ठेवा.
पण ऊन कुठलं, आणि वीजही नव्हती.
तेव्हा चौकातला दत्तू परीट
कोळशाची इस्त्री घेऊन आला.
म्हणाला, सुती की टेरिकॉट?
म्हटलं, कागद. एकोणीसशे चौतीसचा.
तो हसला नाही.
राख फुंकली, गालाजवळ नेऊन धग पाहिली
आणि पानावर जुन्या धोतराचं फडकं अंथरलं.

वाफेतून नावं वर येत गेली.
शांतवन, नगरहून आलेला, धंदा खानसामा.
सगुणाबाई, विधवा, सही म्हणून अंगठा.
एक मुलगी, वय दोन दिवस, नाव ठेवलेलं नाही.
काहींची शाई फडक्यावर उतरली, उलटी.
ते फडकं दत्तूनं धुतलं नाही.
यात माणसं आहेत, म्हणाला,
आणि घडी घालून वेगळं ठेवलं.

संध्याकाळी एस्तेरबाई रणदिवे आल्या, ओल्या चपलांनी.
माझं लग्न आहे ना रे त्यात?
फोटो गेला वाहून. तो तर कधीचाच गेलाय.
ओळ सापडली. नवऱ्याचं नाव शाबूत,
बाईंचं पार धुऊन निघालेलं.
लिही मग, म्हणाल्या.
मी बॉलपेननं लिहिलं.
त्यांनी चष्म्याची एकच उरलेली काच डोळ्याला लावली
आणि म्हणाल्या, जरा वळणदार काढायचंस.

रविवारी उपासना उभ्यानंच झाली.
प्रभुभोजनाला मदतीच्या गाडीतला पाव,
पिशवीवर नगरसेवकाचा हसरा फोटो.
पाळकसाहेबांनी पिशवी उलटी केली,
पाव मोडला,
उपदेशाचा कागद उघडला, परत घडी घातली,
म्हणाले, आज मला काही येत नाही.
आणि आमच्यातच येऊन उभे राहिले.
कोणीतरी गीत धरलं, वरच्या पट्टीत, चुकीचं.
कोणी खाली आणलं नाही.
सगळे तसेच ताणत वर गेले.

आता ते सांगतो, जे अजून सांगितलं नाही.
त्या रात्री साडेअकराला
सिलास उबाळेला फोन मीच केला होता.
घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा,
मागच्या खोलीत राहायचा एकटा.
म्हटलं, सिलास, रजिस्टरं तेवढी वरच्या फळीवर ठेव.
म्हणाला, ठेवतो की.
ठेवलीही होती. नीट, थोरलं खाली, धाकटं वर.

तो बंधाऱ्याच्या जाळीत सापडला,
तिसऱ्या दिवशी.
हे दोन शब्द मी दर ईस्टरला
मोठ्यानं म्हणत आलोय.
या वेळी पोलिसानं म्हटले, पंचनाम्यात लिहिले,
आणि मी खाली सही केली.

प्रार्थनेत आता फार मागत नाही.
एवढंच विचारतो:
कपाटापाशी तू होतास का?
अंधारात, तो टाचा उंचावून हात वर करत होता तेव्हा,
कंदील तरी कोणी धरला होता का?
उत्तर आलं असं म्हणणार नाही.
पण विचारणंही थांबत नाही.

मातीच्या रजिस्टरात त्याची ओळ घातली.
नाव, वय, बापाचं नाव, तारीख.
शेवटचा रकाना मरणाच्या कारणाचा.
पेन टेकवलं की शाई पसरते,
पान आतून अजून ओलं आहे.

दत्तू जाता-येता डोकावतो.
वाळलं का, चिटणीस?
मी म्हणतो, नाही अजून.
तो इस्त्री तापवायला ठेवतो.