लाल विजार

चार मेच्या रात्री
मी फिदेन्सियोची लाल विजार उसवते,
कमरेत दोन बोटं सोडते.
एकतीस वर्षं माझा भाऊ फ्रेंच आहे,
पेन्योनच्या आमच्या गल्लीत,
आणि फ्रेंच काही बारीक होत नाहीत.

सकाळी पोरं तोंडाला काजळी फासतात.
पाठीवर टोपली, टोपलीत टोर्टिया, मुळे,
एकीतून जिवंत कोंबडी मान काढून बघते
लढाई कुठवर आली.
हे डोंगरातले. हे जिंकणारे.

अठराशे बासष्ट. पुएब्लाची टेकडी.
कर्जवसुलीच्या निमित्तानं बोटीतून उतरलेलं
सम्राटाचं सैन्य, भारी बुटांचं,
कोयतेवाल्यांनी उतारावरून परत घालवलं.
शाळेत इथवरच शिकवतात.
पुढच्या वर्षी ते पुन्हा आले
आणि पुएब्ला घेतलंच,
हे मला फिदेन्सियोनं सांगितलं,
अंगणात मरायची तालीम करताना.

दरवर्षी हरतोस, कंटाळा नाही येत?
तो म्हणाला, सगळेच वर उभे राहिले
तर टेकडी चढायची कुणी?

दुपारी धूर इतका
की विमानतळावर उतरणारं विमान
नुसतं पोट दाखवून जातं.
तोफ कुठली, इंजिन कुठलं, कळत नाही.
दोन्हींना कुत्री सारखीच भुंकतात.

तेवढ्यात शिकागोहून एवारिस्तोचा फोन.
तिकडे आज बिअर अर्ध्या किमतीत,
टेबलाटेबलावर कागदी टोप्या.
साहेबानं विचारलं, तुमचा स्वातंत्र्यदिन ना?
"हो म्हटलं, आत्या. तो सप्टेंबरात असतो
हे कोण समजावत बसणार?"
मग जरा थांबून,
"फोन खिडकीबाहेर धर ना."

धरला.
बार. बार. बँडवाल्यांचा ढोल.
कुणीतरी शिवी हासडली, तीही गेली असेल तिकडे.
त्याच्याकडून काहीच नाही.
वाटलं, लाइन तुटली.

खाली फिदेन्सियोनं छातीवर हात ठेवला,
आधी बरा गुडघा टेकला, मग दुखरा,
टोपी काढून बाजूला ठेवली, चुरगळू नये म्हणून,
आणि एर्मेलिंदाच्या कलिंगडाच्या गाडीखाली
हळूच आडवा झाला.

"बाबा पडले?"
पडला, मी म्हटलं. सावली बघून पडला.
"विजार?"
शाबूत आहे रे.
यंदा दुहेरी टाका घातलाय.