तिसऱ्या गाण्यात वीज गेली

नावं आम्हाला कुठं माहीत होती?
कॅसेटी यायच्या कॉपीच्या कॉपीवरून,
गाणं सुरू व्हायच्या आधी
तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचराट.
रेल्वे क्वार्टरमधल्या एडविननं पुण्याला कुणाकडे तरी
खरी कव्हरं पाहिलेली, तेवढ्या वर्णनावर
आम्हीच बारशी उरकली:
जिभवाले. गायवाले. त्रिकोणवाले.
आणि एक नुसतेच ‘बोंबलणारे’,
ज्यांच्यावरून बसवराज हत्तुरे आणि मी
एक अख्खा उन्हाळा बोललो नाही.

शब्द कळायचे नाहीत.
बसवराज तिथं कानडी भरायचा, इलियास दखनी,
राजमल्लू तेलुगूतल्या दोन शिव्या,
आणि ओळ बरोबर बसायची.

मग आपलाच बँड. द शटल्स.
ड्रमवर पेंटरनं ‘द शेटल्स’ रंगवलं.
पैसे देऊन झालेले, म्हणून तेच राहिलं.
त्र्याऐंशीचा मे, साखर पेठेतलं मंगल कार्यालय,
सकाळचं लग्न उरकून गेलेलं,
स्टेजवर थर्माकोलचं ‘शुभविवाह’ तसंच,
त्याखाली बसवराज, चुलत्याच्या सफारीत, गळ्यात गिटार.
तिकीट दोन रुपये. त्यात एक सरबत.

कन्ना चौकातल्या हॉटेलात अजून हेच चालतं.
इलियास म्हणतो, पहिलं गाणं जिभवाल्यांचं.
छ्या, गायवाल्यांचं, मी वाजवलंय ना.
चुकीचं वाजवलंस बे, म्हणून तुला तसं वाटतं.
माणसं किती होती? साठ.
साठ? दीडशे.
नवऱ्याकडची मागं राहिलेली वीस धरून की सोडून?

मग तिसरं गाणं येतं आणि सगळे गप्प होतात.
तिसऱ्या गाण्यात वीज गेली.
गिटार मेली, माईक मेला, पंखे घरंगळत थांबले,
आणि राजमल्लू बोद्दूल थांबला नाही.
बावीस मिनिटं. अंधारात. एकटा.
इथं मी नेहमी सांगतो,
त्याचा घाम माझ्या मनगटावर उडाला,
आचाऱ्यानं आतून कंदील आणला,
त्याची काच ठेक्यावर थरथरत होती.
सगळे माना हलवतात.
कंदील आता सगळ्यांनाच आठवतो.

मी तिथं नव्हतो.
मी तीन गल्ल्या सोडून मागावर होतो, रात्रपाळीला.
बदली देतो म्हणालेला आलाच नाही.
त्या खटखटाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही
तर गिटार कुठली यायला.
वीज गेली तसे माग थांबले,
आमचे, समोरचे, अख्ख्या पूर्व भागाचे.
एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.
कुणीतरी खाकरलं. एका घरात बांगड्या वाजल्या.
आणि त्यात, लांबून, ते.
चाल आमच्या मागाचीच,
पण मालकाला न विचारता वळणारी,
मध्येच धागा सोडून देणारी,
तुटला तुटला म्हणेस्तोवर पुन्हा पकडणारी.
चादरीवर मोर अर्धा विणून झालेला,
त्याच्या नसलेल्या डोक्याच्या जागी हात ठेवून
मी उभा.
मग वीज आली.
शेड गरजली, मोर पुढं सरकला.
शेवट कसा झाला, मला ठाऊक नाही.
दर वेळी थोडा बदलून सांगतो.

राजमल्लूचा डावा कान गेलाय,
मागानं खाल्ला की ड्रमनं, डॉक्टरला ठरवता आलं नाही.
काल त्यानं उजवा कान पुढं करून
माझा कंदील पुरता ऐकून घेतला,
बशीतला चहा संपवला,
आणि बाकीचे बिलावरून भांडत असताना
माझ्याकडं न बघता म्हणाला,
साडेअकराला आलास तू. सतरंज्या गुंडाळत होतो आम्ही.
केसांत सगळा कापूस.

मी शेंगा निवडत बसलो.

किती ऐकू आलं रे तिथवर?
सगळं, म्हटलं. शेवट सोडून.
मलाही नाही आला, तो म्हणाला.
वीज आली तसे सगळेच वाजवायला लागले.