साज

लेक डंडीच्या संग्रहालयात
जुन्या वस्तूंना चिठ्ठ्या लावते.
रात्री साडेअकराला फोन :
बाबा, 'ग्रेथ'ला मराठीत काय म्हणायचं?

जुनं स्कॉट क्रियापद आहे, आता सहसा कुणी बोलत नाही.
घोड्यावर खोगीर चढवून पट्टा आवळायचा, ते ग्रेथ.
माणसाला चिलखत, गलबताला शीड आणि दोर.
मग त्या सामानालाही तेच नाव पडलं :
खाणीत उतरणाऱ्याची कुदळ,
विणकराच्या मागावर ताणा उचलणारी दोऱ्यांची चौकट,
आणि (इथे ती हसली)
कपडे धुवायचा फेस,
त्याआधी, त्याच कामासाठी साठवलेलं शिळं मूत.

मी बेलापूरला, उद्यान विभागात.
एकोणतीस वर्षं निविदांचे मसुदे लिहितोय.
म्हटलं, सोपं आहे. सज्ज करणे.
म्हणाली, हे फौजेला चालेल. विणकराला?
म्हटलं, मग सजवणे.
ती काही बोलली नाही.
तो शब्द मखराला आणि केकला गेलाय
हे तिकडे बसून तिलाही ठाऊक.

फोन ठेवल्यावर झोप येईना.
एकाच घरातली ही माणसं.
सज्ज बंदोबस्तावर लागला,
सणासुदीला पेपरात दिसतो तेवढाच.
साज आधी घोड्याच्या पाठीवर होता,
आता सोनाराच्या काचेत, लाल मखमलीवर.
साजरा दूरच्या डोंगरावर राहायला गेला,
जवळ जाऊन कुणी बघत नाही.

आणि गेल्या मार्चात माझ्याच अक्षरात :
'जुनी मासेमारी होडी खरेदी करून,
रंगवून व सजवून चौकात बसविणे,
फायबरचे रोहित पक्षी (नग सहा) यांसह.'
होडी दिवाळ्याच्या हासूराम तांडेलची.
एक्केचाळीस हजार, चेकने.
तिची डोलकाठी आम्ही कापली,
दिव्यांच्या माळेच्या आड येत होती.

रविवारी धक्क्यावर गेलो.
हासूराम पुतण्याच्या होडीच्या फटीत
कापूस ठोकत बसला होता.
विचारलं, ही अशी सगळी तयारी करता,
तिला तुमच्यात काय म्हणतात?

'शबूद कशाला पायजे?
चंद्रूस लावला, जालं भरलं,
बरफ टाकला, डिजल टाकला.
नालंला नारल दिला.
तरी होरी तयार नाय.'
मग?
'पोसू धक्क्यावरशी इचारतं,
पानी घेतलंव?
हो म्हंटलं का मंग सुटतं होरी.'

प्यायचं पाणी.
भोवती एवढा समुद्र, आणि विचारायचं ते हेच.

चौकातल्या होडीबद्दल मी काही काढलं नाही.
त्यानंच काढलं, हातोडी न थांबवता :
'रातचा स्कूटरवरून जाताना बगतं मी.
बरी दिसतं.'
थोड्या वेळानं, 'लायटी लय हायेत.'

तेवीस किलो.
विमानतळावर जाण्याआधी तीनदा बॅग वजनकाट्यावर.
कुकरची शिट्टी काढून खिशात,
गोडा मसाला दोन पिशव्यांत,
जाकीट अंगावर, मे महिन्यात, घामाघूम.
तिची आई पट्टा आवळत होती
गुडघा बॅगेवर टेकवून.
मी नुसता उभा. हातात पासपोर्टची झेरॉक्स,
आणि तोंडात एकही शब्द नव्हता.
काच सरकली, ती आत गेली,
तेव्हा ओरडलो होतो,
पाणी घेतलंस का?
लोकांनी वळून पाहिलं.
आत पाणी नेऊच देत नाहीत, हे मला कुठे माहीत.

सोमवारी तिला कळवलं :
सापडला नाही. मूळ शब्दच राहू दे,
खाली अर्थ लिही, जमेल तेवढा.

तिनं एक फोटो पाठवला.
काचेमागे चामड्याचा पट्टा,
कुणा घोड्याच्या घामानं काळा पडलेला,
भोकं सात,
त्यातलं चौथं वापरून वापरून लांबट.