छातीचं माप

विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर, रात्रीचे दोन.
बूट उशाला घेऊन पडलोय.
सक्ती कुणाचीच नाही, तरी रस्ता भरलाय.
शेजारी गडहिंग्लजचा केरबा
झोपेतही पाय हलवतोय,
सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं.

मामाची ट्रंक घरात आहे,
पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट.
आई तिच्यात आता डाळी ठेवते.
मामा लढाईचं कधी बोलला नाही.
दिवाळीत फटाके सुरू झाले की
गोठ्यात जायचा,
म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा.

सकाळी हवालदार टेप लावून म्हणेल, फुगव.
सत्त्याहत्तरवरनं ब्याऐंशी.
त्या पाच सेंटिमीटरात
देश किती, पगार किती,
आणि गावच्या कमानीवर फोटो लागावा
ही हाव किती,
मलाच सांगता येत नाही.

शाळेत झेंड्यापुढं घसा दाटायचा,
ते खोटं नव्हतं.
काल भाकरी बांधता बांधता आई म्हणाली,
"आणि चार वर्सांनी रं?"
तेव्हाही दाटला.

गेटवर दिवा लागला.
"ऊठ भावा, लाईन लागली."
मी श्वास आत घेतो,
आणि त्यातला थोडा
मोजायला देत नाही.